टिकणारे धडे

एके सायंकाळी आमच्या माजघरात इतिहासाची उजळणी चालली होती. सनावळी पाठ होईना, म्हणून चिरंजीव रडकुंडीस आले. तेव्हा झोपाळ्यावरून काकांनी विचारले, "आपल्यापैकी कोणास तरी ती सनावळी आज येते काय?" एकासही धड सांगता येईना. परंतु कोणत्या गुरुजींनी चारचौघांत पाणउतारा केला व कोणी पाठीवरून हात फिरविला, हे मात्र प्रत्येकास लख्ख आठवत होते!

यात नवल नाही. एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठांतराच्या श्रमांपैकी निम्म्याहून अधिक तासाभरातच वाया गेल्याचे त्यास आढळले. उलट, मन हेलावले असता शरीरात जी द्रव्ये स्रवतात, ती त्या प्रसंगाची स्मृती दृढ करितात, असे आजचे शास्त्र सांगते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बालपणी साताऱ्यास शिकत होते. वर्गात त्यांस वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, व ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे. नळास हात लावण्याची मुभा नव्हती; शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांच्या पदव्या मिळविल्यावरही त्यांनी हे सारे लिहून ठेविले. एका मास्तरांनी आपल्याजवळची भाजीभाकरी दिल्याची आठवणही त्यांनी कृतज्ञतेने जपली. त्या वर्गात शिकविलेल्या किती गोष्टी मागे पडल्या असतील. गोणपाट आणि भाकरी मात्र राहिली.

ते गोणपाट शाळेने शोधून काढिले नव्हते. ती शिवाशिव आमच्यासारख्याच शिकल्यासवरल्या घरांतून शाळेत गेली होती, हे आम्ही विसरता कामा नये. कोणाशेजारी बसावे व कोणापासून दूर राहावे, हा धडा मूल घरूनच शिकून जाते. आणि त्याचा व्रण मात्र दुसऱ्याच मुलाच्या मनावर उमटतो.

असो. त्या रात्री आम्ही पुस्तक मिटविले व चिरंजीवांस विचारले, "तुझ्या वर्गात एकटा कोण बसतो रे?" सनावळीसाठी तासभर अडलेल्या त्या पोराने क्षणाचाही विलंब न लाविता नाव सांगितले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातून दोघांपुरता डबा जाऊ लागला.