हरला तो घरी!

मुलांनो, मागच्या आठवड्यात मी मैंदर्गीला जाऊन आलो. नकाशात शोधायची असेल तर सोलापूर जिल्ह्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवा. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून आमचं गाव. घरात कानडी, शाळेत मराठी आणि भांडण दोन्ही भाषांत, अशी आमच्याकडची पद्धत!

बहिणीच्या घरी पोचलो, तर भाची ओट्यावर गाल फुगवून बसलेली. आठवीत आहे, शाळेच्या खो-खो संघात खेळते. एरवी मामा दिसला की आधी पिशवीत डोकावणारी ही पोरगी, आज मान वर करायला तयार नाही.

"सकाळपासून होग्ली बिडु, होग्ली बिडु म्हणतेय मी," आतून आजी ओरडली. "ऐकेल तर शपथ!" (होग्ली बिडु म्हणजे 'जाऊ दे गं, सोडून दे.' आमच्याकडे निम्म्या दुखण्यांवर हेच औषध असतं.)

हळूहळू हकिकत कळली. दोन महिने पहाटे उठून सराव केलेला. तालुक्याच्या स्पर्धेत चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिलाच सामना आला तो गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी. एका गुणानं हरल्या. एका! अकराच्या आत स्पर्धा संपली आणि सोबत नेलेला डबा घरी येऊन खाल्ला.

"मामा, दोन महिने सराव आणि एका सामन्यात घरी? हा कुठला न्याय? तुम्ही खेळावर लिहिता ना, मग सांगा."

आता आली का पंचाईत! मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग मी तिची गणिताची वही ओढली, मागचं पान उघडलं आणि विचारलं, "चौसष्ट संघ आहेत. हरला तो घरी. शेवटी एक विजेता. एकूण सामने किती होतील?"

तुम्हीही पुढे वाचण्याआधी करून बघा.

तिनं बोटं मोडत हिशेब केला. पहिल्या फेरीत ३२, मग १६, ८, ४, २ आणि शेवटचा १. बेरीज ६३. बरोबर! पण ह्याला कागद लागतच नाही. प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो. चौसष्टांतले त्रेसष्ट घरी जायला हवेत, म्हणजे सामने त्रेसष्टच. तेरा संघ असले तर बारा, शंभर असले तर नव्याण्णव. संपलं गणित. ह्याला म्हणतात बाद पद्धत.

आणि सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं ठरवलं, तर ती साखळी पद्धत. तेरा संघांचे ७८ सामने होतात आणि चौसष्टांचे तब्बल २०१६! एक मैदान, चार पंच आणि संध्याकाळची परतीची एस.टी., एवढ्या भांडवलावर ७८ सामने कोण घेणार? तालुक्याचे सर लोक दुष्ट असतात म्हणून एका सामन्यात घरी पाठवत नाहीत. त्यांच्याकडे दिवसच एक असतो.

हे चौसष्ट मी उगाच घेतले नव्हते. जगातली सर्वांत गाजलेली कॉलेजांची बाद पद्धतीची स्पर्धा अमेरिकेत होते, बास्केटबॉलची. तिचं लाडकं नाव 'मार्च मॅडनेस', म्हणजे मार्च महिन्यातलं वेड. (आपल्याकडे मार्चमध्ये परीक्षेचं वेड असतं आणि मैंदर्गीत उन्हाचं. त्यांच्याकडे बास्केटबॉलचं.)

बास्केटबॉल हा खेळच मुळी मास्तरांच्या डोकेदुखीतून जन्माला आला. डिसेंबर १८९१. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव, बाहेर कडाक्याची थंडी आणि वर्गात अठरा दंगेखोर तरुण. त्यांना चार भिंतींच्या आत खेळवायचं काम आलं जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकांवर. त्यांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, म्हणून त्यानं सप्ताळूच्या दोन टोपल्या आणून दिल्या. नेस्मिथनी त्या सज्जाच्या कठड्याला खिळ्यांनी ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून आजही जगभर बास्केटची कडी दहा फुटांवरच असते. त्या पहिल्या सामन्यात गोल किती झाले माहीत आहे? एक! टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू काढायला वर चढावं लागे. एकच गोल झाला ते बरंच झालं म्हणायचं.

कॉलेजांची ही राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली, तेव्हा संघ होते फक्त आठ. अंतिम सामन्यात ओरेगननं ओहायो स्टेटला ४६-३३ असं हरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेस्मिथ वारले. पुढे संघ वाढत वाढत १९८५ मध्ये चौसष्ट झाले आणि २०११ मध्ये अडुसष्ट. मुलींची स्पर्धा १९८२ पासून.

आपल्याकडेही विद्यापीठांच्या स्पर्धा जुन्याच आहेत बरं का. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५-३६ पासूनची. फरक इतकाच, की आपल्याकडे एकेक कॉलेज राष्ट्रीय पातळीवर उतरत नाही. कॉलेजांतून खेळाडू निवडून विद्यापीठाचा संघ बनतो. तो आधी आपल्या विभागात खेळतो आणि तिथून वर आलेले संघ अखिल भारतीय फेरीत भिडतात. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं २००४ साली. त्याआधी आमच्या अक्कलकोटच्या पोराला विद्यापीठाचा बनियन हवा असेल, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या संघात जागा मिळवावी लागे. केवढं लांब! नुसतं निवड चाचणीला जायचं तरी मुक्कामाची पिशवी भरावी लागायची.

"ते राहू दे मामा," भाची म्हणाली. "तिथेही चिठ्ठ्याच टाकतात का?"

नाही. तिथे एक समिती बसते. वर्षभराचा खेळ बघून चौसष्ट संघांचे सोळा-सोळाचे चार गट करते आणि प्रत्येक गटात एक ते सोळा असं मानांकन देते. मग पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, आठव्याची नवव्याशी. बेरीज करा, प्रत्येक वेळी सतरा! हेतू असा, की दोन तगडे संघ सुरुवातीलाच एकमेकांना बाद करू नयेत.

भाचीनं क्षणभर विचार केला. "म्हणजे सगळ्यांत कच्च्या संघाला सगळ्यांत पक्क्याशीच खेळावं लागणार. नेहमीच! त्यापेक्षा आमच्या चिठ्ठ्या बऱ्या."

खरं सांगतो, इतकी वर्षं ह्या विषयावर लिहितोय, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चिठ्ठीत निदान नशिबाला जागा असते. मानांकनात सोळाव्याच्या कपाळी पहिल्याच दिवशी वाघ लिहिलेला.

पण ऐका, वाघही कधीकधी घसरतो.

मार्च १९९८. मुलींची स्पर्धा. पहिलं मानांकन असलेल्या स्टॅनफर्डसमोर सोळावं मानांकन असलेलं हार्वर्ड, तेही स्टॅनफर्डच्याच मैदानावर. हार्वर्ड म्हणजे अभ्यासू पोरापोरींचं विद्यापीठ. खेळासाठी म्हणून तिथे शिष्यवृत्तीसुद्धा देत नाहीत. स्टॅनफर्डच्या दोन मोठ्या खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर बसल्या होत्या, हेही सांगायला हवं, नाहीतर ती अर्धी गोष्ट होईल. हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरनं एकटीनं ३५ गुण केले आणि हार्वर्ड ७१-६७ नं जिंकलं. सोळाव्यानं पहिल्याला हरवण्याची ही पहिलीच वेळ. मुलांना तशी कामगिरी करायला पुढची वीस वर्षं लागली! (हे वाक्य ऐकल्यावर भाचीचा फुगलेला गाल जरा उतरला.)

मुलांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाचे संघ सोळाव्याशी १३५ वेळा खेळले होते आणि १३५ वेळा जिंकले होते. मग उजाडला १६ मार्च २०१८. पहिला होता व्हर्जिनिया. साऱ्या चौसष्टांत अव्वल, आख्ख्या मोसमात फक्त दोन सामने हरलेला. समोर बाल्टिमोरजवळचं एक विद्यापीठ, मेरिलँड बाल्टिमोर काउंटी. ह्याचं नाव तोपर्यंत ऐकू यायचं ते बुद्धिबळात! मध्यंतराला गुण २१-२१. लोक म्हणाले, आता व्हर्जिनिया जागा होईल. जागं झालं दुसरंच कुणी. उत्तरार्धात बुद्धिबळवाल्यांनी ५३ गुण केले आणि सामना ७४-५४ असा मारला. वीस गुणांनी!

विचार करा, व्हर्जिनियाच्या पोरांचं काय झालं असेल. वर्षभर अव्वल आणि स्पर्धेत एका सामन्यात घरी. वर साऱ्या देशात हसं. १३५ जण ज्या पुलावरून चालत गेले, तिथे हेच नेमके पाण्यात पडले.

पुढच्या वर्षी तोच संघ, तेच प्रशिक्षक टोनी बेनेट, पुन्हा पहिलं मानांकन आणि पहिल्या सामन्यात पुन्हा एक सोळावा. आणि काय आश्चर्य, मध्यंतराला व्हर्जिनिया सहा गुणांनी मागे! त्या वेळी त्या पोरांच्या पोटात काय झालं असेल, ते भाचीला विचारा, ती नीट सांगेल. पण ह्या खेपेला ते सावरले आणि जिंकले. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध दोन गुणांनी मागे, घड्याळात उरलेले ०.६ सेकंद, म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. काइल गाय ह्या पोराला तीन फ्री थ्रो मिळाले. तीन वेळा एकट्यानं उभं राहून चेंडू टाकायचा आणि सत्तर हजारांवर लोक बघतायत. गेल्या वर्षीच्या फजितीत तोही मैदानावर होता. तिन्ही आत गेले. ६३-६२.

अंतिम सामना ८ एप्रिल २०१९ ला टेक्सास टेकशी. वेळ संपली तेव्हा बरोबरी, म्हणून पाच मिनिटं जादा. व्हर्जिनिया ८५-७७ नं जिंकलं. त्यांच्या डीआंद्रे हंटरनं २७ गुण केले. आदल्या वर्षी तो मनगट मोडल्यामुळे त्या काळ्या दिवशी खेळूच शकला नव्हता.

आता थोडी गंमत. अमेरिकेत स्पर्धा सुरू होण्याआधी घरोघरी, कचेऱ्यांत, शाळांत लोक एक तक्ता भरतात: कुठल्या सामन्यात कोण जिंकणार. त्रेसष्टच्या त्रेसष्ट निकाल अचूक सांगायचे. प्रत्येक सामन्याचे निकाल दोन, म्हणून तक्ता भरायचे प्रकार किती? दोनाला दोननं गुणत जा, त्रेसष्ट दोन होईपर्यंत. उत्तर येतं ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८. हा आकडा वाचायचा कसा? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांची नावं आहेत. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत करत शेवटचं नाव येतं परार्ध. तर हे झाले ९२ परार्ध आणि वर थोडे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. त्या पटाच्या चौसष्टाव्या घरात नेमके एवढेच दाणे येतात! २०१९ मध्ये ओहायोतल्या एका माणसाचे पहिले ४९ निकाल ओळीनं बरोबर आले. पन्नासावा चुकला.

पालकांसाठी कंसाबाहेर एक गोष्ट. चौसष्टांतले त्रेसष्ट संघ आपला शेवटचा सामना हरूनच घरी येतात. उपविजेताही हरूनच येतो. तेव्हा पोरं दारात आली की "जिंकलात का?" हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी डबा खाल्ला का, ते विचारा. आमच्या आजीनं तेच केलं होतं म्हणे, 'होग्ली बिडु' नंतर सुचलं.

संध्याकाळी भाची वही घेऊन माझ्यापुढे आली. आपल्या स्पर्धेचा तक्ता तिनं आठवून आठवून काढला होता. ज्या संघानं त्यांना हरवलं, त्याच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "ह्या शेवटपर्यंत गेल्या, मामा. बाकी कुणालाच त्यांना एका गुणापर्यंत आणता आलं नाही. फक्त आम्ही." मग तिनं तो तक्ता दप्तरात ठेवला आणि माझी पिशवी उघडून पाहिली.

निघताना तिनं तुमच्यासाठी एक कोडं दिलंय. बाद पद्धतीची स्पर्धा, संघ २९. सामने किती, ते तोंडी सांगा. पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल किती संघांना मिळेल? आणि विजेता संघ एकूण किती सामने खेळेल? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही लिहिली नाहीत तर गुण मिळणार नाहीत, असं तिनं बजावलंय.