कुंडलिकेच्या मुखाशी पडलेला मुलगा

माझं माहेर पेणचं, सासर रोह्याचं, आणि नोकरीभर मी इतिहास शिकवला. वास्को द गामा कालिकतला उतरला की आपण वर्गात थेट गोव्यावर येतो. मधली चौलची लढाई राहूनच जाते. ती तर आमच्या कुंडलिकेच्या मुखाशी झाली! रोह्याच्या मुलांना ती ठाऊक असलीच पाहिजे, आणि तिच्यामागचं घरही.

त्या घराचा कर्ता फ्रान्सिस्को द आल्मेदा. पोर्तुगीज सरदार, पण ग्रॅनडाच्या युद्धात स्पेनच्या राजाराणीकडून लढलेला. १५०५ मध्ये पोर्तुगालच्या राजाने त्याला भारतातला पहिला व्हाइसरॉय म्हणून पाठवलं. काल तलवार चालवणारा माणूस आता किल्ले बांधायचा आणि समुद्रावर कोणी फिरावं ते ठरवायचा. एकुलता एक मुलगा लोरेन्सो त्याने सोबत आणला आणि कोवळ्या वयातच त्याच्या हाती आरमार दिलं.

मार्च १५०८. कोचीच्या व्यापाऱ्यांची गलबतं राखत लोरेन्सो चौलला थांबला होता. इजिप्तच्या सुलतानाचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज त्याच्यावर चालून आले. बाहेर निसटताना लोरेन्सोचं जहाज खाडीत कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. पोर्तुगीज बखरकार सांगतात की तोफगोळ्याने पाय मोडल्यावरही तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला, आणि दुसऱ्या गोळ्याने गेला. पोर्तुगीजांच्या महाकाव्यात त्याला मानाची जागा मिळाली. ज्यांच्या खुंटांनी लढाई फिरली, त्या कोळ्यांचं नाव मात्र कुठेच नाही.

मुलगा गेल्याचं दुःख खरंच असणार. मी आई आहे, मला ते नाकारता येत नाही. पण त्या दुःखाच्या हाती आरमार होतं. डिसेंबर १५०८च्या अखेरीस आल्मेदाने आदिलशाहीचं दाभोळ जाळलं, बायकापोरांसकट माणसं कापली. दाभोळच्या लोकांनी लोरेन्सोला पाहिलंही नव्हतं. फेब्रुवारी १५०९ मध्ये त्याने दीवची लढाई जिंकली आणि हाती आलेल्या कैद्यांना हालहाल करून मारलं. मलिक अयाजने चौलला धरलेल्या पोर्तुगीजांना मात्र नीट सांभाळून परत दिलं होतं. हे मी वर्गात मुद्दाम सांगत असे.

जागा घ्यायला आलेल्या आल्बुकर्कलाही आल्मेदाने कैदेत टाकलं. शेवटी परतीच्या वाटेवर, मार्च १५१० मध्ये, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ खोईखोई लोकांनी त्याला मारलं. त्याच्या माणसांनी त्यांच्या वस्तीवर हल्ला केला होता.

पेण-रोह्याच्या शाळांच्या सहली चौलशेजारच्या रेवदंड्याला जातात. तिथला कोट पोर्तुगीजांनी १५२०नंतर बांधला, आणि मुलांना तेवढंच दाखवलं जातं. शिक्षकांनी आधी खाडीकडे तोंड करून १५०८ सांगावं, आणि दाभोळ सांगितल्याशिवाय लोरेन्सोचं शौर्य सांगू नये. पाठ्यपुस्तकात हे येईपर्यंत थांबायचं कारण नाही. यंदाच्या सहलीपासूनच सुरुवात करता येईल.