नवा ड्राय सूट, जुनी जोडी

चेन्नईत राहून ड्राय सूट कशाला वापरायचा, असे मला इथले मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. इथल्या समुद्राचे पाणी वर्षभर साधारण २५ ते ३० अंश असते. स्कूबासाठी पातळ वेट सूट पुरतो. त्यात पाणी शिरते आणि अंगाच्या उबेने कोमट होते. ड्राय सूटमध्ये पाणी येतच नाही. गळ्याला आणि मनगटांना घट्ट सील, पायांना जोडलेले मोजे किंवा बूट आणि आत उबदार कपडे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते, म्हणून थंड देशांत हा पोशाख लागतो.

पण थंडी हे एकच कारण नाही. २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोरच्या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि काळे तेल किनाऱ्यावर आले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळानंतरच्या पुरात एन्नोरच्या खाडीत पुन्हा तेल पसरले. दोन्ही वेळी माणसे बादल्यांनी तेल उपसत होती. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर तर आपल्यापैकी अनेकांच्या घरांनी पाहिला आहे. अशा घाण पाण्यात शोधकार्यासाठी बुडी मारायची वेळ आली, तर त्वचेला पाणी न लागणे हेच मोठे संरक्षण. त्यासाठी हातमोजे आणि पूर्ण चेहरा झाकणारा मास्कही हवा.

म्हणून नव्या धाटणीचा सूट मी पोहण्याच्या तलावात वापरून पाहिला. जुन्या सूटची चेन पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. ती जोडीदारानेच लावायची. नव्याची चेन छातीवरून तिरकी, डाव्या खांद्याकडून उजव्या कमरेकडे येते. आपली आपण लावता येते. धड थोडे लांब करून वर दुमडलेले असते, त्यामुळे हात वर नेताना ताण पडत नाही. हे मला खरोखर आवडले.

पाण्याखाली मात्र नवा काय नि जुना काय, नियम तेच. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, सूटमधली हवा निम्मी होते आणि कापड अंगाला चिमटे काढू लागते. तेव्हा छातीवरच्या झडपेतून थोडी हवा आत सोडायची. वर येताना ती फुगते, ती डाव्या दंडावरच्या झडपेतून बाहेर काढायची. हवा पायांत गेली तर पाय वर आणि डोके खाली! गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ होण्याचा सराव मी सहा वेळा केला. आणि चेन्नईच्या उन्हात हा पोशाख घालून काठावर गप्पा मारत उभे राहू नये. दहा मिनिटांत घामाने भिजायला होते. कपडे शेवटी चढवावेत आणि लगेच पाण्यात उतरावे.

विकणारे सांगतात, आता जोडीदाराची गरज नाही. इथे माझे मत वेगळे आहे. पाठीमागचा माणूस चेन लावताना दातांवरून बोट फिरवत असे, आतल्या कपड्याचा धागा अडकला का ते पाहत असे, मानेचे सील दुमडलेले दिसले तर सरळ करत असे. चेन शेवटपर्यंत बसली नाही तर थोड्याशा फटीतूनही पाणी आत येते. छातीवरची चेन स्वतःला मान वाकवून नीट दिसत नाही. खांद्याजवळचे टोक तर नाहीच. म्हणून सूट कोणताही असो, पाण्यात उतरण्यापूर्वी चेनवरून दुसऱ्याचा हात फिरलाच पाहिजे, आणि हे तपासणीच्या यादीत लिहूनच ठेवावे.

आपल्या साहस क्लबने असे सूट घ्यावेत का, असे काही पालकांनी विचारले. मी तूर्त नको म्हणेन. कॅडेटला आधी न दमता पोहता यावे आणि वेट सूटमध्ये एका पातळीवर स्थिर राहता यावे. ड्राय सूटमध्ये आणखी एक हवेची पिशवी सांभाळावी लागते. शिवाय रबराची सील दर बुडीनंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी लागतात. वसतिगृहाच्या दोरीवर, उन्हात, ती फार दिवस टिकणार नाहीत.