ॲलर्जीची पळवाट

केस सरळ करण्याच्या रासायनिक उपचारानंतर कानामागे, मानेवर, पापण्यांवर पुरळ उठले की सलूनचे उत्तर ठरलेले असते : ‘मॅडम, तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे.’ म्हणजे दोष कातडीचा आणि कातडी गिऱ्हाईकाची, विषय संपला. अशी उत्तरे ज्या व्यवसायात सर्रास खपतात, त्याच्या सेवेवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. करकपातीला हरकत घेण्याचे कारण नाही. पण सवलतीची खैरात करताना एक साधी अट घालावी, हे कोणाला सुचले नाही. ती अट म्हणजे डोक्याला काय फासता, ती बाटली आधी दाखवा.

या उपचारांची नावे दर हंगामाला बदलतात. रीबाँडिंग, स्मूदनिंग, केराटिन, नॅनोप्लास्टिया आणि ज्यात बोट्युलिनमचा थेंबही नसतो ते ‘हेअर बोटॉक्स’. आतली रसायने मात्र मोजकीच. केसाचा आकार केराटिन या प्रथिनातील गंधकाच्या बंधांवर टिकून असतो. रीबाँडिंगमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेटचे अल्कधर्मी क्रीम हे बंध तोडते, तापलेली इस्त्री केस ताणून सरळ करते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बंध पुन्हा जोडते. तथाकथित केराटिन उपचारात बंध तोडले जात नाहीत. फॉर्मल्डिहाइड किंवा ते सोडणारे द्रव्य केसावर बसवून सुमारे 230 अंश सेल्सिअसच्या इस्त्रीने पक्के केले जाते. त्या वेळी खोलीत जो धूर होतो, त्याने गिऱ्हाईकाचे डोळे चुरचुरतात. कारागीर तो दिवसभर हुंगतो.

त्वचेवर याचे परिणाम दोन प्रकारचे होतात आणि सलूनवाल्यांना ते एकाच माळेत ओवणे सोयीचे असते. पहिला प्रकार भाजण्याचा. क्रीम जास्त वेळ राहिले, टाळूला लागले, इस्त्री फार तापली की कोणाचीही कातडी सोलवटते. ती ॲलर्जी नव्हे, निष्काळजीपणा. दुसरा प्रकार खऱ्या ॲलर्जीचा, ज्याला त्वचारोगतज्ज्ञ ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या रसायनाची ओळख एकदा मनात धरते आणि पुढच्या भेटीत त्याच्यावर तुटून पडते. त्यामुळे पहिल्या खेपेस काहीच होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस, तेही एक-दोन दिवस उलटल्यावर, खाज सुटते, पुरळ उठते, लस वाहते. टाळूची कातडी जाड असल्याने ती अनेकदा वाचते. सुजतात त्या पापण्या, कानाच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू. ‘गेल्या वेळी तर काही झाले नव्हते’ हा सलूनवाल्यांचा हुकमी बचाव इथेच कोसळतो. गेल्या वेळी झाले नव्हते, पण त्याच वेळी सुरुवात झाली असेल.

आणि ही ओळख शरीर सहसा जन्मभर विसरत नाही. फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी एकदा जडली की ते सोडणारे डीएमडीएम हायडँटॉइनसारखे संरक्षक असलेले शाम्पू त्रास देऊ शकतात आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून रेझिन लावलेले कपडेही. निदान करायचे तर संशयित रसायनांच्या पट्ट्या 48 तास पाठीवर चिकटवायच्या आणि त्यानंतर एकदा-दोनदा पुन्हा तपासायच्या. त्यासाठी कशाची पट्टी लावायची हे डॉक्टरांना कळले पाहिजे. ते कळायला बाटलीवरील घटकांची यादी हवी. ती सलूनच्या आतल्या फळीवर असते.

यादी मिळाली तरी तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने 2010 मध्ये ‘फॉर्मल्डिहाइड-मुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका गाजलेल्या उत्पादनाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत 6.8 ते 11.8 टक्के फॉर्मल्डिहाइड निघाले. युक्ती साधी आहे : पाण्यात विरघळल्यावर त्याचे मिथिलिन ग्लायकॉल होते, मग बाटलीवर दुसरे नाव छापायला कंपनी मोकळी. युरोपीय संघाने 2019 मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून फॉर्मल्डिहाइडलाच हद्दपार केले. अमेरिकेच्या एफडीएने 2023 मध्ये केस सरळ करणाऱ्या उत्पादनांपुरती बंदी प्रस्तावित करण्याचे ठरवले आणि एप्रिल 2024 चा स्वतःच ठरवलेला मुहूर्त हुकवला. दरम्यान बाजार ग्लायऑक्झिलिक ॲसिडकडे वळला. केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेल्या 26 रुग्णांची नोंद इस्रायलमधील डॉक्टरांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केली, हे पाहता ‘सुरक्षित पर्याय’ या शब्दांचाही भरवसा धरता येत नाही.

मुंबईच्या वर्सोव्यात हा प्रश्न टोकदार होतो. आरामनगरात ऑडिशनसाठी ताटकळणाऱ्या मुलींना चेहरा आणि केस हेच भांडवल. यारी रोड, सात बंगला, लोखंडवाला इथे त्यामुळे दर थोड्या अंतरावर सलून आहे. सकाळी वेळ ठरवून दुपारी खुर्चीत बसायचे, संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर जायचे. 48 तास आधी कानामागे थेंबभर क्रीम लावून वाट पाहण्याचे नाव कोण काढणार? जून 2023 मध्ये याच पट्ट्यात, अंधेरी पश्चिमेला, सुमारे साडेसतरा हजार रुपयांचे हायड्रा फेशियल करून घेतलेल्या तरुणीचा चेहरा भाजला. सलूनने ॲलर्जी म्हटले, त्वचारोगतज्ज्ञांनी भाजल्याचे सांगितले आणि प्रकरण पोलिसांत गेले. उपचार वेगळा, पळवाट तीच. अकोल्यात एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे गोरेपणाच्या क्रीमने बिघडली, तेव्हा केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी माग काढला म्हणून त्यातला पारा सापडला. प्रत्येक डबीमागे केईएम उभे राहू शकत नाही.

यावर कायदा काय म्हणतो? केसांच्या रंगाच्या खोक्यावर ‘आधी चाचणी करा’ हा इशारा इंग्रजी व स्थानिक भाषेत छापणे सक्तीचे आहे. पण सलूनच्या खुर्चीतल्या बाईसमोर खोके येतच नाही. येते ती प्लास्टिकची वाटी आणि ब्रश. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 26 नुसार कोणीही नागरिक शुल्क भरून सौंदर्यप्रसाधन सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, मात्र ते त्याने विकत घेतलेले असले पाहिजे. सलूनमध्ये विकत घेतली जाते ती सेवा, बाटली मालकाची. हजारो रुपये मोजणारीला जे तिच्याच डोक्यावर ओतले गेले, ते तपासून घेण्याचा हक्क नाही!

ही फट बुजवायला नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. साठवलेल्या प्रसाधनांचे नमुने घेण्याचा अधिकार कलम 22 ने निरीक्षकांना दिलेलाच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील अन्न व औषध प्रशासनाच्या मुख्यालयापासून वर्सोवा काही परदेशात नाही. मनुष्यबळाचे रडगाणे बाजूला ठेवून निरीक्षकांनी महिन्यातून काही सलूनच्या फळ्या पाहाव्यात आणि अहवाल जाहीर करावेत. उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक आणि त्वचाचाचणीची तारीख बिलावर लिहिणे राज्य सरकारने बंधनकारक करावे. ज्या छापील बिलावर आता 5 टक्के कर दिसतो, त्यावर आणखी तीन ओळी सहज मावतात. त्यांचा लाभ उघड्या हातांनी दिवसभर हेच क्रीम लावणाऱ्या कारागिरांनाही होईल. हाताच्या इसबाने अनेकांना हा धंदा सोडावा लागतो आणि त्यांना ‘तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे’ एवढे सांगण्याचीही तसदी कोणी घेत नाही.