पत्ता बदललेला प्रिंटर

परवा कोल्हापूरच्या आत्याचा फोन आला. "बाळ, माझा शाळेचा दाखला सोमवारपर्यंत पाठव रे." पेन्शनच्या कामात वयाचा पुरावा हवा होता. दाखला 1955 सालचा, वर 'मुंबई राज्य' असे छापलेले. आमच्या निपाणीच्या घरात वडिलांनी तो ट्रंकेत जपलेला. घड्यांवर इतका विरलाय, की पोस्टाने पाठवायची छाती होईना. मोबाईलवर फोटो काढला, तर घडीची सावली नेमकी जन्मतारखेवर!

घरी वाय-फायवर चालणारा प्रिंटर आहे, त्यातच स्कॅनर. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, म्हणून मी संगणक विंडोज 11 वर नेला होता. तेव्हापासून छपाई झकास. स्कॅन करायला गेलो की 'स्कॅनर सापडत नाही'. तीनदा सगळे बंद-चालू केले. शेवटी गल्लीतल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला बोलावले.

"सर, छपाई होतीया म्हणजे मशीन बरं हाय," तो म्हणाला. "छपाईचा ड्रायव्हर वेगळा, स्कॅनचा वेगळा. नव्या विंडोजनं छपाईपुरता साधा ड्रायव्हर आपला आपण घेतलाय. स्कॅनचं राहिलंय बघा."

मग त्याने एकेक पाहिले. घरच्या वाय-फायची नोंद 'पब्लिक' अशी झाली होती. ती 'प्रायव्हेट' केली. नाहीतर संगणक घरातल्याच यंत्रांना परके समजतो. दुसरी गोष्ट आयपी पत्त्याची. लाईट जाऊन आली की राउटर कधी कधी प्रिंटरला नवा पत्ता देतो, आणि संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो.

मला हसू आले. प्रिंटर फळीवरून हललाही नव्हता! आम्हा सीमाभागातल्यांना हे काय नवीन? 1 नोव्हेंबर 1956 ला घर जागेवरच राहिले आणि राज्य बदलले.

प्रिंटरवरूनच त्याची माहिती छापून नवा पत्ता मिळाला. राउटरमध्ये तोच पत्ता कायमचा राखून ठेवला. मॉडेलचा नंबर बघून कंपनीच्या संकेतस्थळावरून विंडोज 11 साठीचे पूर्ण सॉफ्टवेअर उतरवले, आणि स्कॅनर बोलू लागला. वाचकहो, घाई असेल तर आणखी एक वाट आहे. तो आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, की पुष्कळ प्रिंटरांचे स्वतःचे पान उघडते. काहींत तिथूनच स्कॅन करता येते.

दाखला काचेवर अलगद पालथा ठेवला, 300 डीपीआयवर रंगीत स्कॅन केला. जन्मतारीख लख्ख!

रात्री आत्याला पाठवला. लगेच फोन आला. "अरे, हे आमच्या हेडमास्तरांचं अक्षर!" एवढे बोलली, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही.

मूळ दाखला पुन्हा ट्रंकेत गेलाय. वडिलांचे बाकीचे कागद येत्या रविवारी काचेवर ठेवणार आहे. कुणी मागायची वाट न बघता.