भाकड गाईचा हिशेब

गाय भाकड झाली म्हणजे तिचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे सभांतून धर्माचा म्हणून विचारला जातो आणि गोठ्यात पैशाचा म्हणून. सभेत उत्तर देणारास कडब्याचे दाम मोजावे लागत नाहीत, म्हणून त्यास ते सोपे वाटते. ज्यास ते मोजावे लागतात त्याची बाजू आज मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

व्यापारी वाचकांस यातील तत्त्व नवे नाही. फळीवर पडून राहिलेला माल पूर्वी कोणत्या भावाने खपला हे आठवून कोणी जागा अडवून ठेवीत नाही. गाईचे दूध साधारणतः तिसऱ्या ते पाचव्या वेतापर्यंत चढते, पुढे उतरू लागते. ती बारा-तेरा महिन्यांनी पुन्हा व्याली तर धंदा बसतो. वारंवार उलटणारी, कासेस पुनःपुन्हा दगडी होणारी किंवा पायांनी अधू झालेली गाय दूध देत असतानाच तोट्यात जाते. तिने आजवर किती दिले हे येथे विचारात घ्यावयाचे नसते. पुढील वेतात तिजपासून होणारी प्राप्ती तिच्या जागी येणाऱ्या कालवडीच्या सरासरी प्राप्तीहून कमी दिसली, व बदलीचा खर्च त्या फरकातून निघत असला, की तिला बदलण्याची वेळ आली असे समजावे.

बदलीचा खर्च म्हणजे नव्या गाईची किंमत वजा जुनीचे येणारे पैसे. नेमकी येथेच आमच्या गोपालकाची अडचण होते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूही त्यात आले. म्हातारी म्हैस विकून त्याच गोठ्याचा मालक चार पैसे मिळवितो. म्हाताऱ्या गाईस मात्र गिऱ्हाईक नाही. मग कोणी ती नाइलाजाने पोसतो, कोणी रात्री गावाबाहेर सोडून देतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५० लाखांहून अधिक मोकाट गुरे आढळली, ती आकाशातून पडली नाहीत.

पोसण्याचा खर्च किती, हे सरकारनेच सांगितले आहे. २०२४ साली देशी गाईस 'राज्यमाता' ठरविताना गोशाळांस दर गाईमागे रोज ५० रुपये देण्याचे ठरले. याच दराने वर्षाचे १८,२५० रुपये होतात. भाकड गाय पाच वर्षे जगली तर ९१,२५०. हे साहाय्य गोशाळेतील देशी गाईपुरते आहे. ज्या संकरित गाईचे दूध शहरे पितात, ती धन्याच्या दावणीस भाकड उभी राहिली तर तिच्या वाट्यास काही नाही.

गोपालकांस आमचे सांगणे असे की, प्रत्येक गाईची वही ठेवावी. रेतनाची व विण्याची तारीख आणि रोजचे दूध तीत लिहावे. गाय सारखी उलटू लागताच पशुवैद्यास दाखवावी. उतार दिसू लागताच, गाभण व दुभती असतानाच, तिचे गुणदोष न लपविता ती योग्य घरी विकावी. लिंगनिर्धारित रेत वापरल्यास नको असलेले गोऱ्हेही कमी होतील.

परंतु वहीने कायद्याची भिंत हटत नाही. समाजास गाय मारली जाऊ नये असे वाटत असेल, तर तिच्या म्हातारपणाचा खर्च समाजानेच उचलावा. तो धन्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचावा, व त्यात देशी-संकरित असा भेद नसावा. ही तयारी नसेल तर कायद्याचा फेरविचार करण्याचे धैर्य दाखवावे. पुण्य आपल्या नावे आणि खर्च गरिबाच्या नावे, असा जमाखर्च कोणत्याही पेढीवर चालत नाही; तो राज्यातही चालू नये.