नदीवरचे जेवण

यंदाच्या जानेवारीत आमच्या वर्गाची सहल गोव्याला गेली. त्या सहलीचे साग्रसंगीत वर्णन करण्याचा माझा विचार नाही. वार्षिक अंकात दरवर्षी एक तरी प्रवासवर्णन असतेच, आणि ‘पहाटे साडेपाचला आमची बस सुटली’ हे वाक्यही त्यात असतेच. मला लिहायचे आहे ते त्या सहलीतल्या एका संध्याकाळबद्दल आणि परतताना बसमध्ये सुरू झालेल्या एका वादाबद्दल. तो वाद अजून संपलेला नाही, म्हणूनच हा लेख.

पणजीला मांडवी नदीत संध्याकाळी बोटी सुटतात. तिकीट काढायचे, बोटीवर चढायचे, नदीतून समुद्राच्या तोंडापर्यंत फेरी मारायची, वर गाणी, नाच आणि जेवण. आम्ही अशाच एका बोटीवर गेलो. वर्गणी जास्त पडली म्हणून निम्म्या मुलींच्या घरी आधी बरीच चर्चा झाली होती. माझ्या घरीही झाली. शेवटी “एकदाच तर जायचं आहे” या सनातन युक्तिवादावर परवानगी मिळाली.

बोट सुटली तेव्हा आकाश तांबूस होते. पलीकडच्या काठावर रेइश मागूशचा किल्ला दिसत होता. मागे 2019 साली वाहतुकीस खुला झालेला अटल सेतू दिव्यांनी उजळू लागला होता. हे सारे मी पाहिले असेन पाचेक मिनिटे. मग ध्वनिवर्धक सुरू झाला. निवेदकाने आधी मुलांना नाचायला बोलावले, नंतर मुलींना, नंतर नवपरिणीत जोडप्यांना. मधे गोव्याची देखणी झाली. ती चांगली होती, पण तेवढ्यात जेवणाची घोषणा झाली आणि सगळे रांगेकडे धावले. भात, माशाची आमटी, शाकाहारी लोकांसाठी पनीर. नदीत नांगरून ठेवलेल्या कॅसिनोंच्या जहाजांवरचे रंगीत दिवे इतके प्रखर होते की त्यांच्यामुळे पाणी दिसेना. दिसत होते ते फक्त दिव्यांचे प्रतिबिंब.

याच वेळी बेतीकडे जाणारी फेरीबोट आमच्या समोरून गेली. तिच्यावर कामावरून घरी परतणारी माणसे होती. स्कूटरला टेकून उभे असलेले, हातात भाजीची पिशवी घेतलेले. त्यांच्या बोटीवर गाणे नव्हते. एक बाई कठड्याशी उभी राहून आमच्याकडे बघत होती. मला एकदम अवघडल्यासारखे झाले. नदी तिची रोजची होती. आम्ही तिच्या अंगणात मंडप घालून जेवायला बसलो होतो.

आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जेवण झाल्यावर आमच्याच वर्गातल्या एकाने रिकामा कागदी पेला सहज हात लांब करून नदीत सोडला. तो मी पाहिला. मी काही बोलले नाही. आनंदाच्या वेळी कुणाचा विरस कशाला करा, असे वाटले असेल. हा लेख वाचून तो मला जाब विचारील, तर मी आधी माझ्या न बोलण्याचा जबाब देईन.

परतताना आंबोली घाट चढून झाला आणि बसमध्ये सूर निघाला, “हे आपल्या पंचगंगेत का नको?” कल्पना सगळ्यांना आवडली. शिवाजी पुलापासून बोट सोडायची, बोटीवर तांबडा-पांढरा रस्सा ठेवायचा, लावणी ठेवायची. बाहेरगावचे लोक अंबाबाईचे दर्शन घेतात, मिसळ खातात, रंकाळ्यावर चक्कर मारतात आणि निघून जातात, त्यांना संध्याकाळचा एक कार्यक्रम मिळेल. पोरांना काम मिळेल. एका सरांनीही मान डोलावली.

घरी, मंगळवार पेठेत आल्यावर मी हे उत्साहाने आजीला सांगितले. आजीचे माहेर प्रयाग चिखलीचे. जिथे नद्या एकत्र होऊन पंचगंगा सुरू होते, ते गाव. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती, अशा पाच. आजीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पाणी कसं हुतं गं?”

मला सांगता येईना. गोडे होते की खारे, गार होते की कोमट, वास होता की नव्हता, काहीच माहीत नव्हते. दोन तास मी एका नदीवर बसून आले आणि तिला माझे बोटसुद्धा लागले नव्हते.

आजीच्या या प्रश्नाने माझे मत बदलले. या बोटींवर पैसे वाया जातात किंवा त्यांनी संस्कृती बुडते, असले माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या नदीचे पाणी आपण पीत नाही, जिच्यात पाय घालत नाही, तिच्यावर जेवायला बसणे म्हणजे तिला फरशी समजणे होय. आणि फरशी कुणी जपत नाही, फार तर पुसून घेतो.

मांडवीचेच पाहा. मांडवी म्हणजे म्हादई. ती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून येते. तिचे पाणी वळवण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांच्यात वर्षानुवर्षे भांडण आहे. त्यासाठी 2010 साली लवाद नेमला गेला, 2018 साली त्याचा निवाडा आला, तरी तंटा मिटला नाही. पणजीला पिण्याचे पाणी मिळते ते ओपा येथून, खांडेपार नदीचे, आणि खांडेपार ही म्हादईचीच उपनदी. म्हणजे ज्या नदीवर आम्ही नाचलो, तिच्या पाण्यावर त्या राज्याचा जीव अडकलेला आहे. दोन तासांत निवेदकाच्या तोंडून याबद्दल एक शब्द आला नाही. आम्हीही विचारला नाही.

अहमदाबादची गोष्ट आणखी पुढची आहे. तिथे साबरमतीचे दोन्ही काठ बांधून काढले आहेत, आणि 2023 साली त्या पात्रात जेवणाची दुमजली बोटही सुरू झाली. पण शहरातल्या त्या पात्रात जे पाणी बारा महिने दिसते, ते मुख्यतः नर्मदेच्या कालव्यातून आणून सोडलेले आणि वासणा बंधाऱ्याने अडवलेले आहे. म्हणजे नदी आटली तरी देखावा चालू ठेवता येतो. पैसे असले की दुसरीचे पाणी आणून पहिलीच्या नावाने दाखवता येते.

आता आपल्याकडे वळू. नोव्हेंबर 2023 मध्ये काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी कोल्हापुरात आले. दिवाळी होती, शहराने ते साजरे केले, आणि करायलाच हवे होते. त्यासाठी या गावाने पिढ्यान्‌पिढ्या आंदोलने केली. पण ते पाणी दूधगंगेचे. त्या दिवसापासून माझ्या मनात एक भीती आहे. शहर पंचगंगेचे पाणी पीत होते, तोवर तिच्या घाणीची निदान धास्ती तरी होती. नळाला वास आला की मोर्चा निघायचा. उद्या आपल्याला पंचगंगेची गरजच उरली नाही, तर तिच्याकडे पाहणार कोण? मग ती दोनच कामांची राहील. वरून बोट चालवायची आणि खालून नाला सोडायचा.

नाल्याचे नाव घेतलेच आहे, तर तेही बोलू. हुतात्मा पार्कच्या कडेने जो जयंती नाला वाहतो, त्याला जुनी माणसे जयंती नदी म्हणतात. आपण तिला नाला केले. आमच्या पेठेतून तो चालत गेले तर काही मिनिटांवर आहे. माझ्या घरच्या मोरीतले पाणी शेवटी कुठे जाते, हे मला महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हते. नाला अडवून त्याचे पाणी कसबा बावड्याच्या केंद्राकडे उपसून नेतात. ते केंद्र दिवसाला 76 दशलक्ष लिटर क्षमतेचे आहे. पण उपसा बंद पडला किंवा पाणी बांधावरून वाहू लागले, की सारे थेट पंचगंगेत. आणि पंचगंगा तरी पुढे धावते कुठे? पावसाळा संपला की बंधाऱ्यांना बरगे घालतात. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून जो महाराष्ट्रभर ओळखला जातो, तो आपलाच. त्याने शेती पिकवली, हे खरेच. पण अडलेल्या पाण्यात घाण आली की ती तिथेच मुरते, आणि वर केंदाळ माजते. बोट चालेल ती याच अडलेल्या पाण्यावर, आणि तिचा हंगामही नेमका तोच.

यावर माझ्या मित्रांचे उत्तर तयार आहे. “बोट आली की लोक येतील, लोक आले की नदी स्वच्छ करावीच लागेल.” हा युक्तिवाद पोकळ नाही. मीही त्यावर बराच विचार केला. पण लंडनचे उदाहरण याच्या उलट आहे. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी कुजली की काठावरच्या पार्लमेंटला बसणे अशक्य झाले. मग जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने मोठी गटारे बांधली, आणि शहराची घाण पूर्वेकडे, खालच्या अंगाला नेऊन नदीत सोडली. शहरापुरती नदी सुधारली, सहलीच्या आगबोटीही जोरात चालू होत्या. 3 सप्टेंबर 1878 च्या संध्याकाळी ‘प्रिन्सेस ॲलिस’ नावाची अशीच एक बोट सहलीचे प्रवासी घेऊन परतत असताना दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली. नेमक्या त्याच जागी थोड्या वेळापूर्वी गटारांचे पाणी सोडलेले होते. सहाशेहून अधिक माणसे त्या पाण्यात मेली. घाणीवर काहीतरी प्रक्रिया केली पाहिजे, ती नुसती खाली ढकलून चालणार नाही, हे त्यानंतर त्या शहराला पटू लागले. म्हणजे बोटी होत्या, लोक येत होते, तरी नदी स्वच्छ झाली नव्हती. लोक आले म्हणजे काठ स्वच्छ होतो. पाणी स्वच्छ होण्यासाठी काठापासून दूर, आपापल्या मोरीपाशी काम करावे लागते.

आपल्या खालच्या अंगाला कोण आहे? इचलकरंजी आहे, शिरोळ तालुका आहे, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते ती नृसिंहवाडी आहे. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ आली होती. आपण बोटीवर हात धुऊ, ते पाणी त्यांच्याकडे जाईल.

आणि पंचगंगेत बोटी आल्याच नाहीत, असेही नाही. ऑगस्ट 2019 मध्ये त्या आल्या होत्या. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले, आणि 2021 च्या जुलैत त्याहूनही चढले. मी तेव्हा शाळेत होते. शाहूपुरीत, लक्ष्मीपुरीत रस्त्यावरून बोटी फिरत होत्या. आजीचे माहेर पाण्यात होते, तिच्या भावजयीला जवानांनी बोटीतून बाहेर काढले. आमच्या गल्लीत घरोघरी भाकऱ्या थापल्या जात होत्या आणि तालमीची पोरे त्या पोत्यांत भरून नेत होती. तेही नदीवरचे जेवणच होते. तिकीट नव्हते, गाणे नव्हते, आणि नदी कशी आहे हे त्या दिवशी कुणाला विचारावे लागले नाही.

मग बोट कधीच नको का? हवी. माझी अट एकच आहे. ज्या दिवशी त्या बोटीवरचा भात, रीतसर शुद्ध केलेल्या का होईना, पण पंचगंगेच्याच पाण्यात शिजवायला मालक तयार होईल आणि आपण तो बिनधास्त खाऊ, त्या दिवशी पहिले तिकीट मी काढीन.

हे स्वप्नरंजन आहे, असे कुणी म्हणेल. पण कोल्हापूरकरांनी ठरवले की काय होते, ते आपण पाहिले आहे. गणपती पंचगंगेत सोडणे ही पिढ्यांची रीत होती. गेल्या काही वर्षांत बहुसंख्य मूर्ती इराणी खणीकडे जातात, अनेक लोक मूर्तिदान करतात. श्रद्धा कमी झाली नाही, फक्त वाट बदलली. जे देवाच्या बाबतीत जमले, ते मोरीच्या पाण्याबाबत का जमू नये?

म्हणून माझी एक सूचना आहे, विद्यार्थी मित्रमैत्रिणींना आणि प्राध्यापकांनाही. पुढच्या वर्षीची मोठी सहल जिथे जायची तिथे जावो. पण त्याआधी एका रविवारी बिनखर्चाची एक सहल काढू. हुतात्मा पार्कपासून जयंती नाल्याच्या कडेने चालत निघायचे, जिथे तो नदीला मिळतो तिथवर जायचे, नाकाला रुमाल न लावता. कुठल्या गल्लीचे काय त्यात येऊन पडते, ते वहीत टिपायचे. ती टिपणे महानगरपालिकेला द्यायची, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला द्यायची. मग पंचगंगेच्या घाटावर जायचे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे हजारो पणत्या लावतो, त्याच पायऱ्यांवर बसायचे. घरून आणलेली भाकरी-झुणका आणि ठेचा खायचा, आणि कागद परत पिशवीत घालायचे. मी माझ्यापुरते ठरवले आहे की, त्या दिवशी कुणी पेला टाकला तर गप्प बसायचे नाही.

आजीला ही कल्पना सांगितली. तिला ती फारशी नवलाची वाटली नाही. ती म्हणाली, “नदीवर जेवायला पैसं कशाला लागत्यात? भाकरी बांधायची आन्‌ जायाचं.” मग जरा थांबून म्हणाली, “पर आल्यावर सांग मला, पाणी कसं हुतं ते.”